आगाशिवची लेणी नीट बघायची असतील तर

कराडच्या प्रीतिसंगमावर उभं राहून नैर्ऋत्येला बघितलं की आगाशिवचा डोंगर दिसतो. सकाळी कराड-मलकापूरची कितीतरी माणसं तिथं चढायला जातात, वरच्या महादेवाचं दर्शन घेतात आणि नाश्त्याच्या वेळेला घरी परततात. त्याच डोंगराच्या पोटात साठहून जास्त बौद्ध लेणी आहेत. पहिली छिन्नी लागली त्याला दोन हजार वर्षं होत आली. तरी लेण्यांसाठी म्हणून मुद्दाम येणारा माणूस क्वचितच भेटतो. जो येतो तोही दोन-चार अंधाऱ्या खोल्यांत डोकावतो, ‘आत काहीच नाही’ म्हणतो आणि खाली उतरतो.

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारातल्या मुलांना घेऊन मी बरीच वर्षं इथं जातोय. पहिल्या दोन-तीन खेपांना आम्हीही तसंच केलं. मग हळूहळू समजत गेलं की ही लेणी शोभेसाठी खोदलेली नाहीत, माणसांच्या राहण्यासाठी खोदलेली आहेत. एखाद्याच्या घरी गेलं की आपण आधी टेकतो, पाणी पितो, मग इकडंतिकडं बघतो. इथंही तसंच करायचं. साठ लेणी पळत बघण्यापेक्षा सहा लेणी बसून बघा. पुढं जे लिहिलंय ते सगळं याच बेतानं.

दिवस आणि वेळ ठरवताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सगळ्यात चांगले. पायथ्याच्या जखिणवाडी गावाच्या बाजूची लेणी डोंगराच्या दक्षिण अंगाला आहेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळं ऊन थेट दारातून आत येतं आणि एरवी काळोखात राहणारी मागची भिंतही उजळते. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो. बाहेर कातळ तापतो आणि आत मात्र उजेड पोचत नाही. एप्रिल-मे महिन्यांतच जायचं असेल, बुद्ध पौर्णिमेला पुष्कळ जण जातात, तर सकाळी सहाला पायथ्याशी हजर राहा आणि दहाच्या आत खाली या.

पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो आणि फोटोही झकास येतात. पण लेण्यांसमोरच्या कातळावर शेवाळ धरतं आणि पाय ठरत नाही. एकदा भाद्रपदात आमच्यातला एक जण असाच घसरला. मनगटावर निभावलं, पण त्याला खाली आणताना सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. तेव्हापासून पोरं बरोबर असली की मी दसऱ्याच्या आत जात नाही.

श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला डोंगरावर भाविकांची रीघ असते. त्या दिवशी दर्शनाला जरूर जा, लेणी मात्र दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. शांतता नसेल तर ही जागा अर्धीच दिसते.

पोचायचं कसं

पुण्याकडून किंवा कोल्हापूरकडून येताना महामार्गावरच कराड लागतं. पुण्याहून साधारण १६० किलोमीटर, साताऱ्याहून ५० आणि कोल्हापूरहून सत्तरच्या आसपास. एसटी सोयीची पडते, कारण स्टँड गावातच आहे. रेल्वेनं येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: कराडचं स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीला आहे. तिथून रिक्षानं आधी गावात यावं लागतं.

कराडपासून जखिणवाडी चार-पाच किलोमीटर. मलकापूरवरून वाट आहे. स्वतःची गाडी नसेल तर वडाप किंवा रिक्षा मिळते. परतीचं मात्र चढायच्या आधीच रिक्षावाल्याशी बोलून ठेवा, संध्याकाळी पायथ्याशी गाडीची खात्री नसते. गावात शिरलात की गाडी कुणाच्या दारात किंवा खळ्याच्या तोंडावर न लावता विचारून लावा. वाटही फोनवर शोधत बसू नका. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना ‘मामा, लेण्याकडं कुठनं जायचं?’ म्हणून विचारा. वाट सांगतीलच, वर ‘पाणी घेतलंय का बरुबर?’ असंही विचारतील. गेल्या वेळी एका मामांनी माझ्या हातात काठी दिली, म्हणाले, ‘उतरताना लागंल, जाताना ठेवून जा हितंच.’ ती काठी खरोखरच उपयोगी पडली.

पिशवीत काय हवं

माणशी दोन लिटर पाणी घ्या. वर खडकात खोदलेली जुनी टाकी आहेत, पण त्यांतलं पाणी प्यायचं नाही. मागच्या बाजूनं घट्ट बसणारे बूट किंवा सँडल घाला, स्लीपर नको. टोपी, भाकरी आणि एखादी कोरडी भाजी घ्या. कचरा खाली आणण्यासाठी एक रिकामी पिशवीही ठेवा.

आणि प्रत्येकाकडं एक चांगली बॅटरी हवी. फोनच्या उजेडावर भागवू नका. तो पसरट पडतो, भिंत नुसती पांढुरकी दिसते आणि खोदकाम काही कळत नाही. हातातली बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून उजेड आडवा सोडला की छिन्नीचा एकेक घाव सावलीनिशी उठून दिसतो. मुलांना हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा एकजण म्हणाला, ‘सर, शेत नांगरल्यासारखं दिसतंय.’ अगदी तसंच दिसतं. तिरक्या, एकसारख्या, बोटभर अंतरावरच्या रेघा. कुठं रेघांची दिशा बदलते, म्हणजे खोदणाऱ्यानं तिथं जागा बदलली असणार. ज्याचं नाव कुठंच लिहिलेलं नाही त्या माणसाच्या हाताचा वळसा तेवढा भिंतीवर उरलाय.

अत्तर, सेंट लावून जाऊ नका. डोंगरात आग्या मोहोळ असतं. मोहोळ दिसलं तर आवाज न करता मागं फिरा. धूर किंवा दगड हा प्रकार तर कधीच करू नका. आत वटवाघळं असतील तर बॅटरी जमिनीकडं धरा, ती आपली आपण शांत राहतात.

चढण

पायथ्यापासून पायऱ्या आणि पायवाट आहे. मुलं आणि वयस्कर माणसं धरून आमच्या चालीनं लेण्यांपर्यंत अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. गुडघेदुखीवाल्यांनीही मनात आणावं, फक्त दर वीस-पंचवीस पायऱ्यांनी थांबावं. थांबलात की मागं वळून बघा. खाली उसाची शेतं दिसतात, पलीकडं कराड आणि तिथंच कृष्णा-कोयनेचा संगम. भिक्षूंनी हाच डोंगर का निवडला याचं उत्तर त्या देखाव्यात आहे. भिक्षा मागायला गाव जवळ हवं, पण गावाचा गलबला कानावर येऊ नये एवढं लांबही हवं.

आणि गाव साधंसुधं नव्हतं. कराडचं जुनं नाव करहाकड किंवा करहकट. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपाचे कठडे आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहेत. त्या कठड्यावर करहकटच्या निगमानं, म्हणजे इथल्या व्यापाऱ्यांच्या नगरसंस्थेनं, दिलेल्या दानाची नोंद कोरलेली आहे. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत आणखी एक लेख आहे: करहाकडचा लोखंडाचा व्यापारी महिक, त्यानं दिलेलं लेणं. नाव, गाव आणि धंदा, एवढंच. घाट उतरून कोकणात माल नेणाऱ्या कराडच्या एका लोहवाण्यानं तिथल्या भिक्षूंसाठी डोंगर खोदून दिला. चढताना दम लागला की मी मुलांना महिकची गोष्ट सांगतो. उरलेल्या पायऱ्या मग पटापट सरतात.

पहिल्या लेण्यात शिरल्यावर

काही बघू नका. बसा. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळ्यांना अंधार समजायला पाच मिनिटं लागतात. बहुतेक लेण्यांत भिंतीलगत दगडाचा सलग ओटा आहे, पण तो जुन्या बांधणीचा भाग आहे, म्हणून मी मुलांना खाली जमिनीवरच मांडी घालून बसवतो. दगड गार असतो. थोड्या वेळानं बाहेरचे आवाजही दूर जातात.

डोळे सरावले की एकेक गोष्ट शोधायला लागा. मधे मोकळी जागा आणि तिच्या कडेनं लहान लहान खोल्या, अशी रचना असेल तर तो विहार, म्हणजे भिक्षूंचं राहण्याचं ठिकाण. खोलीत वाकून शिरा. एक माणूस आडवा होईल एवढा दगडी ओटा म्हणजे अंथरूण. भिंतीतला कोनाडा दिवा किंवा भिक्षापात्र ठेवायला. दाराच्या चौकटीला खाली-वर बोट घालून बघण्याजोग्या खोबणी सापडतात. तिथं लाकडी दार फिरत असे. लाकूड कधीच गेलं, खोबण राहिली. आमच्या वस्तीतली एक मावशी पहिल्यांदा आली तेव्हा ती खोबण बघून म्हणाली, ‘म्हंजे आतनं कडी लावून निजत हुती की माणसं!’ त्या एका वाक्यानं मुलांना लेणं घर म्हणून दिसलं. माझ्या तासाभराच्या भाषणानं ते झालं नसतं.

मग बाहेर या आणि पाणी शोधा. लेण्याच्या आसपास खडकात खोदलेलं टाकं असतं. जुन्या लेखांत त्याला पोढी म्हणतात. वर कातळात पाण्याला वळण देणारी पन्हळ दिसली तर ती कुठं उतरते ते बघत जा. पावसाचे तीन महिने भिक्षू फिरत नसत, एका जागी राहत. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा तो वर्षावास. उरलेलं वर्ष चारिका, म्हणजे गावोगाव फिरणं. म्हणून निवारा पक्का हवा, पाणी साठवलेलं हवं आणि एवढ्या माणसांना अन्न देऊ शकेल असं गाव जवळ हवं. हे तिन्ही इथं एका नजरेत दिसतं.

‘ही पांडवांनी एका रात्रीत खोदली’ असं गावात कुणी सांगेल. वाद घालू नका. पण मुलांना त्याच जागी सांगा की हा डोंगर वरून खाली, आधी छत आणि मग जमीन, असा खोदत आणलाय. परांचीची गरज लागत नाही ती याचमुळं. त्याला महिने-वर्षं लागलीत, आणि खर्च व्यापारी, कारागीर, शेतकरी, भिक्षुणी अशा साध्या माणसांच्या दानातून उभा राहत असे. इथंही ब्राह्मी लिपीतला एक दानलेख आहे: गोपालाचा मुलगा संघमित्र, त्यानं दिलेलं लेणं. बस, एवढाच.

चैत्य आणि मूर्ती नसलेला बुद्ध

जखिणवाडीच्या गटातलं पाचव्या क्रमांकाचं लेणं म्हणजे चैत्य, उपासनेची जागा. चुकवू नये असं एकच लेणं विचाराल तर हेच. कार्ल्यासारखी घोड्याच्या नालेच्या आकाराची प्रचंड कमान इथं शोधू नका. दार आहे आणि दारावर चौकोनी खिडकी. दोन्ही अंगांना अर्धस्तंभ आहेत, खालून बरेच झिजलेले. त्यांच्या माथ्यावर नजर न्या. एकीकडं चक्र, दुसरीकडं सिंह. चक्र म्हणजे धम्मचक्र आणि सिंह म्हणजे शाक्यसिंह, बुद्ध. दगड इथला भरड आणि ठिसूळ आहे, नक्षी त्यात टिकत नाही. म्हणून ही दोन चिन्हं जेवढी उरलीत तेवढी मन लावून बघावी.

आत गेलात की छत कमानीसारखं वळलेलं आहे आणि मागची भिंत अर्धगोल. तिथं स्तूप आहे. बाजूला खांबांच्या रांगा नाहीत. नुसती लांबट खोली आणि तिच्या टोकाला दगडाचा गोल.

‘सर, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी असते तशी बुद्धाची मूर्ती कुठंय?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. मोठेही विचारतात, फक्त दबक्या आवाजात. ही लेणी ज्या काळात सुरू झाली त्या काळात बुद्धाची मूर्ती करत नसत. स्तूप, चक्र, बोधिवृक्ष, रिकामं आसन, पावलं अशा खुणांनी त्याची आठवण ठेवत. त्यामुळं मूर्ती नाही म्हणून लेणं रिकामं नाही. स्तूपाला खालून वर वाचा: खालचा गोल चौथरा, त्यावरचा अर्धगोल म्हणजे अंड, त्यावर चौकोनी हर्मिका आणि वर छत्र. मुलांना मी वहीत हे काढायला लावतो. फोटो काढणारा तीस सेकंदांत बाहेर पडतो, चित्र काढणाऱ्याला वीस मिनिटं तिथंच थांबावं लागतं, आणि छत्राचा दांडा छताला कुठं भिडतो ते त्याला आपोआप दिसतं.

शेजारच्या लेण्यात जाल तर वेगळंच बघायला मिळेल. तिथं मधल्या गाभाऱ्यात पूर्वी स्तूप होता. छत्र अजून छताला चिकटून आहे, खालचा स्तूप मात्र गेला आणि त्या जागी विठोबाची मूर्ती आली. आमच्यातल्या काहींना हे बघून वाईट वाटतं, मलाही वाटलं होतं. पण तिथं गावातली म्हातारी हात जोडून उभी असते, तिच्यासमोर इतिहास काढून बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. छत बघा, मूर्ती बघा, चप्पल बाहेर काढा. बोलायचं ते खाली आल्यावर बोला, आणि पोरांशी खरं बोला.

वंदना कशी घ्यावी

चैत्यात त्रिसरण-पंचशील घ्यायला हरकत नाही, पण घाई करू नका. वळलेल्या छतामुळं आवाज घुमतो. ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हटलं की शेवटचा ‘मि’ विरेपर्यंत थांबा, मग पुढची ओळ घ्या. वीस जणांनी एकदम घाईघाईनं म्हटलं तर नुसता गोंगाट होतो. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी हळू आवाजात मागून म्हणायचं, म्हणजे शब्द न् शब्द ऐकू येतो. लाऊडस्पीकर, फोनवरची गाणी नकोत. प्रदक्षिणा घालायची तर स्तूप आपल्या उजव्या हाताला राहील अशी.

आता मेणबत्तीबद्दल. बारा-तेरा वर्षांमागं आम्ही बुद्ध पौर्णिमेला स्तूपाच्या चौथऱ्यावर मेणबत्त्या लावल्या होत्या. ओळीनं चांगल्या पंचवीस-तीस. फार सुंदर दिसलं, सगळ्यांचे डोळे भरून आले. पुढच्या वर्षी गेलो तर चौथऱ्यावर मेणाचे पिवळट डाग तसेच होते आणि त्यावर काजळी बसलेली. एका ताईंनी पदरानं पुसायला घेतलं, डाग आणखीच पसरला. हा दगड सच्छिद्र आहे, मेण आणि तेल आत मुरतं. जे दोन हजार वर्षं टिकलं त्यावर आमच्या श्रद्धेनंच डाग पाडला. मी त्या दिवशी कुणाशी फार बोललो नाही.

तेव्हापासून आत दिवा, मेणबत्ती, अगरबत्ती काहीच नाही. घरून फुलं नेतो, केळीच्या पानावर स्तूपासमोर जमिनीवर ठेवतो आणि निघताना पानासकट परत घेतो. हळद, गुलाल, निळ्या रंगाचा टिळा दगडाला लावायचा नाही. पताका बांधायला खिळा ठोकायचा नाही. नाव कोरणं तर सोडूनच द्या. ही संरक्षित स्मारकं आहेत. १९५८च्या स्मारक कायद्यात २०१० साली झालेल्या सुधारणेनंतर राष्ट्रीय संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलांना मी हे कायदा म्हणून सांगतो खरा, पण ते डाग दाखवले की कायदा सांगायची फारशी गरज राहत नाही.

बाकीची लेणी, जेवण आणि उतार

लेणी डोंगराच्या तीन अंगांना विखुरलेली आहेत. जखिणवाडीची बाजू सगळ्यात सोपी. दुसरा गट आग्नेयेच्या घळीत, तिसरा कोयनेच्या खोऱ्याकडं तोंड करून. या दोन्हींकडं झाडी आहे, वाटा मोडलेल्या असतात आणि काही लेणी मातीनं भरलेली आहेत. गावातला माहितगार सोबत असेल तरच जा. पहिल्या खेपेला तिकडं जाऊच नका.

जेवण लेण्यात नको. खरकट्याला मुंग्या येतात, माकडं येतात आणि मागून येणाऱ्याला वास येतो. सावलीचं झाड बघून बाहेर बसा. वेळ आणि पाय दोन्ही शिल्लक असतील तर वर आगाशिवाच्या देवळापर्यंत जाऊन या, वारा छान लागतो.

ऊन कलायच्या आत उतरायला सुरुवात करा. उतारावर गुडघ्यांवर भार येतो, त्यामुळं पाय आडवा टाकत, काठी पुढं टेकत उतरा. मुलांना पळू देऊ नका, सगळ्यात पुढं एक मोठा माणूस आणि सगळ्यात मागं एक.

पुण्याकडं परतणाऱ्यांनी शक्य असेल तर साताऱ्यात थांबावं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी लहान भीमरावांचं नाव ज्या शाळेच्या पटावर चढलं ती शाळा साताऱ्यात आहे. त्यांच्या आईची, भीमाबाईंची, समाधीही तिथंच आहे. आणि आगाशिव मनात भरला असेल तर पुढच्या खेपेला वाईजवळचं लोहारे गाव धरा. तिथल्या पालपेश्वर लेण्यांत जाताना हीच बॅटरी बरोबर ठेवा. सेल मात्र नवे घाला. आमचे तिथं नेमके गाभाऱ्यात शिरल्यावर संपले होते.